निसर्गातील आकृतिबंध आणि प्रोग्रॅमिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकशास्त्र शिकणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उदाहरणे शक्य तेथे कोल्हापूर जिल्ह्यातीलच घेतली आहेत, कारण जे रोज डोळ्यांसमोर असते त्याचे निरीक्षण हवे तितक्या वेळा करता येते आणि या विषयात एकदा पाहून भागत नाही.

निसर्गापासून प्रेरणा घ्यायची म्हणजे प्रोग्रॅमरने नेमके काय घ्यायचे?

नियम घ्यायचा. झाड, नदी, पक्ष्यांचा थवा किंवा वारूळ पाहिले की प्रथम त्याचा आकार मनात भरतो. परंतु आकार हा परिणाम असतो आणि तो घडवणारा नियम बहुतेक वेळा फार छोटा असतो. शिवाय त्या रचनेतील प्रत्येक घटकाला केवळ आपल्या आसपासची माहिती पुरते. मुंगीला वारुळाचा नकाशा ठाऊक नसतो आणि डोंगरावरून निघालेल्या पाण्याला समुद्र कोठे आहे हे माहीत नसते, तरीही वाट तयार होते आणि नदी समुद्राला मिळते. मोठी संगणक प्रणाली लिहिताना सगळी माहिती एका जागी गोळा करून निर्णय घेणे महाग पडते, म्हणून प्रोग्रॅमरसाठी ही गोष्ट मोलाची आहे.

निरीक्षण करताना स्वतःला विचारायचा प्रश्न असा : या एका घटकाला काय दिसते आणि त्यावरून तो पुढच्या क्षणी काय करतो? त्याचे उत्तर साध्या मराठी वाक्यात लिहिता आले की प्रोग्रॅमचा गाभा हाती आला असे समजावे.

कोल्हापुरात सुरुवात कोठून करावी?

पंचगंगेपासून करावी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांच्या पाण्याने पंचगंगा बनते. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. चिखलीजवळच्या प्रयाग संगमापासून ती पंचगंगा या नावाने वाहते आणि नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. आता नृसिंहवाडीला उभे राहून उगमाकडे पाहत आहोत अशी कल्पना करावी. एक प्रवाह मागे जाता जाता फुटतो, प्रत्येक फाटा पुन्हा फुटतो आणि शेवटी सह्याद्रीच्या माथ्यावरील असंख्य ओहोळांपाशी ही फूट थांबते. संगणकशास्त्रात ‘ट्री’ म्हणून शिकवली जाणारी रचना ती हीच : मूळ एक, फांद्या अनेक आणि टोकाला पाने.

नद्यांच्या या जाळ्याला क्रमांक देण्याची एक पद्धत अमेरिकन भूशास्त्रज्ञ आर्थर स्ट्रॅलर यांनी १९५० च्या दशकात रूढ केली. तिचा पाया रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ मध्ये घातला होता. ज्याला एकही उपनदी नाही अशा ओहोळाचा क्रम १. समान क्रमाचे दोन प्रवाह मिळाले तर पुढच्या प्रवाहाचा क्रम एकाने वाढतो. असमान क्रमाचे मिळाले तर मोठा क्रम तसाच पुढे चालतो. म्हणजे क्रम १ चे कितीही ओहोळ एकामागून एक येऊन मिळाले तरी क्रम ३ ची नदी क्रम ३ चीच राहते.

हा नियम विद्यार्थ्यांना रिकर्शन (प्रोग्रॅमच्या एखाद्या भागाने तेच काम छोटे करून स्वतःलाच पुन्हा सांगणे) शिकवण्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. फॅक्टोरियल (१ पासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार) काढण्यासाठी रिकर्शन वापरले की ते विनाकारण अवघड करून सांगितल्यासारखे वाटते, कारण तेच काम साध्या लूपने, म्हणजे एकच कृती पुन्हा पुन्हा करून, होते. नदीच्या बाबतीत मात्र प्रत्येक प्रवाह आपला क्रम सांगण्यापूर्वी वरच्या दोन प्रवाहांना त्यांचा क्रम विचारतो, ते त्यांच्या वरच्यांना विचारतात आणि ओहोळापाशी आल्यावर ‘१’ हे उत्तर मिळून सगळी उत्तरे खाली वाहू लागतात. येथे रिकर्शन विषयाच्या स्वभावातच आहे. कागदावर पाणलोटाचा नकाशा घेऊन एकदा हाताने क्रम लिहावेत आणि मगच संगणकासमोर बसावे.

नदीच्या या क्रमांकाचा प्रोग्रॅमिंगशी खरोखर काही संबंध आहे, की तो केवळ शिकवण्यापुरता दाखला आहे?

खरा संबंध आहे आणि या संपूर्ण विषयातील सर्वांत सुंदर गोष्टींपैकी ती एक आहे. सोव्हिएत संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई येर्शोव यांनी १९५८ मध्ये असा प्रश्न हाताळला : एखादी गणिती राशी सोडवताना मधली उत्तरे धरून ठेवण्यासाठी प्रोसेसरला कमीत कमी किती रजिस्टर (प्रोसेसरमधील एकेक आकडा ठेवण्याच्या छोट्या जागा) लागतात? राशी ट्रीच्या रूपात मांडावी. प्रत्येक संख्या म्हणजे पान, तिला १. दोन बाजूंचे आकडे समान असतील तर त्या क्रियेला एक अधिक, असमान असतील तर मोठा आकडा तसाच. हा शब्दशः स्ट्रॅलर यांचाच नियम आहे.

उदाहरण तपासून पाहावे. (क + ख) × (ग + घ) या राशीत दोन्ही बेरजांना २ मिळतात, ते समान असल्याने गुणाकाराला ३ मिळतात. प्रत्यक्षातही पहिल्या बेरजेचे उत्तर एका रजिस्टरमध्ये जपून दुसऱ्या बेरजेसाठी आणखी दोन लागतात, म्हणजे एकूण तीन. उलट ((क + ख) + ग) + घ या राशीत संख्या तितक्याच असूनही दोनच रजिस्टर पुरतात, कारण मुख्य प्रवाहाला एकेक ओहोळ येऊन मिळत राहतो. नद्यांचा अभ्यास करणारे आणि कंपायलर (प्रोग्रॅमचे प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारी प्रणाली) लिहिणारे आपापल्या वाटेने एकाच आकड्यापाशी पोहोचले, कारण दोघांपुढे रचना एकच होती. आकृतिबंध पाहण्याची सवय का लावून घ्यावी, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

डोंगर-दऱ्यांच्या उंचीवरून नदीचा मार्ग संगणकाला काढता येतो का?

येतो. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीतून सुमारे ३० मीटर अंतराने जमिनीच्या उंचीचे आकडे उपलब्ध झाले आणि ते विनामूल्य मिळतात. हे आकडे चौकटींच्या जाळीत मांडले की प्रत्येक चौकटीला आठ शेजारी असतात. ओकॅलहन आणि मार्क यांनी १९८४ मध्ये मांडलेला नियम असा, की पाणी या आठांपैकी ज्या दिशेला उतार सर्वांत तीव्र आहे त्या एकाच चौकटीत जाते. तिरप्या शेजाऱ्याचे अंतर सरळ शेजाऱ्याच्या अंतराला २ च्या वर्गमुळाने गुणले असता येईल तितके असते, म्हणून उंचीतील फरकाला अंतराने भागण्यास विसरू नये. त्यानंतर प्रत्येक चौकटीत वरून किती चौकटींचे पाणी येते ते मोजायचे आणि जेथे ही संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त होते तेथे रेषा काढायची. पन्हाळ्यापासून चिखलीपर्यंतचा भाग घेतला तर कासारीची रेषा कोणी न सांगता पडद्यावर उमटते.

अडचणी येतात त्याही शिकण्यासारख्या आहेत. मोजणीतील चुकांमुळे खोटे खळगे तयार होतात आणि पाणी तेथेच अडते, म्हणून ते आधी भरून घ्यावे लागतात. रंकाळ्यासारखा तलाव उंचीच्या आकड्यांत सपाट दिसतो आणि सपाट जागी उतारच नसल्याने नियमाला दिशा सापडत नाही. अशा ठिकाणी काय करायचे हे प्रोग्रॅमरला ठरवावे लागते.

झाडाच्या वाढीचा नियम कसा लिहितात?

हंगेरीत जन्मलेले जीवशास्त्रज्ञ अरिस्टिड लिंडनमायर यांनी १९६८ मध्ये त्यासाठी एक लेखनपद्धती मांडली. शैवालाच्या पेशींची वाढ त्यांनी अक्षरांनी दाखवली : प्रत्येक फेरीत ‘अ’ च्या जागी ‘अब’ लिहायचे आणि ‘ब’ च्या जागी ‘अ’. सुरुवात ‘अ’ ने केली की अब, अबअ, अबअअब, अबअअबअबअ अशा ओळी मिळत जातात. सगळी अक्षरे एकाच वेळी बदलतात, हा या पद्धतीचा प्राण आहे, कारण सजीवाच्या सर्व पेशी एकाच वेळी वाढत असतात. अक्षरांना ‘पुढे जा’, ‘डावीकडे वळ’, ‘येथली जागा लक्षात ठेव’, ‘त्या जागी परत ये’ असे अर्थ दिले की त्याच पद्धतीतून फांद्या असलेले झाड उभे राहते. पायथॉनमधील टर्टल हे पडद्यावर रेघा काढणारे साधन त्यासाठी पुरेसे आहे.

वरील ओळींची लांबी मोजली तर १, २, ३, ५, ८ अशी येते. या संख्या फिबोनाची यांच्या नावाने ओळखल्या जात असल्या तरी विरहांक आणि पुढे १२ व्या शतकात आचार्य हेमचंद्र यांनी छंदशास्त्रात त्या आधीच मांडल्या होत्या. लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन, तर ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. शेवटचे अक्षर लघू असेल तर आधी एक मात्रा कमी असलेली कोणतीही ओळ चालते आणि गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली, म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज. मराठी माध्यमातील ज्या विद्यार्थ्याने मात्रावृत्ते शिकताना मात्रा मोजल्या आहेत, त्याला हा प्रोग्रॅम सहज कळतो.

सुवर्ण गुणोत्तर निसर्गात सगळीकडे असते, हे खरे आहे का?

नाही. वर आलेल्या मालिकेतील लागोपाठच्या दोन संख्यांचे गुणोत्तर ज्या आकड्याच्या जवळ जवळ जाते, त्या सुमारे १.६१८ ला सुवर्ण गुणोत्तर म्हणतात. समाजमाध्यमांवर शंखापासून चक्रीवादळापर्यंत सगळ्यावर एकच सर्पिल रेषा चिकटवलेली चित्रे फिरतात. त्यांच्यावर विसंबू नये. नॉटिलस शंखाची वाढ सर्पिल असते, पण तिचे प्रमाण सर्वसाधारणपणे सुवर्ण गुणोत्तराशी जुळत नाही.

सूर्यफुलाच्या बाबतीत मात्र पुरावा भक्कम आहे. नवे बी आधीच्या बीपासून सुमारे १३७.५ अंशांवर, म्हणजे पूर्ण वर्तुळाला सुवर्ण गुणोत्तरात विभागणाऱ्या कोनावर येते आणि त्यामुळे दोन्ही दिशांना दिसणाऱ्या सर्पिल ओळींची संख्या बहुधा ३४ व ५५ अशी, त्याच मालिकेतील, येते. हेल्मुट फोगेल यांनी १९७९ मध्ये यासाठी दिलेले सूत्र दोन ओळींत लिहिता येते : क्रमांकाला १३७.५ ने गुणले की कोन मिळतो आणि क्रमांकाचे वर्गमूळ घेऊन एका स्थिरांकाने गुणले की केंद्रापासूनचे अंतर. कोन १२० केला तर बिया तीन सरळ रांगांत जाऊन बसतात आणि मधली जागा वाया जाते. कोन थोडा थोडा बदलत हे पाहिले की तो विशिष्ट कोनच का, हे पाठ न करता समजते. आपल्याकडील उसाची पाने मात्र एकाआड एक समोरासमोर, म्हणजे १८० अंशांवर येतात. तेव्हा प्रत्येक वनस्पतीवर एकच सूत्र लादू नये, पाने मोजून पाहावीत.

मुंग्यांच्या रांगेतून कोणता अल्गोरिदम निघाला?

सर्वांत जवळचा मार्ग शोधणारा. (अल्गोरिदम म्हणजे उत्तर काढण्याची पायरीपायरीची पद्धत.) ब्रुसेल्स येथील जाँ-लुई दनोबूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये एक आखूड आणि एक लांब असे दोन पूल ठेवले. मुंगी चालताना रासायनिक खूण सोडते. आखूड पुलावरून जाणाऱ्या मुंग्या लवकर परत येत असल्याने त्यावरील खूण आधी दाट होते आणि मग बहुतेक मुंग्या तिकडेच वळतात. या निरीक्षणावरून मार्को दोरिगो यांनी १९९२ मध्ये मिलान येथील आपल्या पीएचडी प्रबंधात एक अल्गोरिदम मांडला. अनेक गावे फिरून कमीत कमी अंतरात परत येण्याचा मार्ग त्याने शोधता येतो. जिल्ह्यातील गावोगावच्या संकलन केंद्रांतून दूध गोळा करणाऱ्या टेम्पोची फेरी आखणे हा याच जातीचा प्रश्न आहे आणि विद्यार्थ्यांनी तो प्रकल्प म्हणून जरूर घ्यावा.

या कथेतील एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. त्याच प्रयोगांत आधी केवळ लांब पूल ठेवून नंतर आखूड पूल जोडला, तेव्हा मुंग्या जुन्याच मार्गाला चिकटून राहिल्या, कारण त्यावरील खूण पुरेशी लवकर उडून गेली नव्हती. दोरिगो यांच्या अल्गोरिदममध्ये म्हणूनच खूण ठरावीक वेगाने विरळ करत नेली जाते. मुंगीकडून नियम घेतला आणि जेथे मुंगी अडते तेथे तो बदलला. प्रेरणा आणि नक्कल यांतील फरक तो हाच.

पक्ष्यांच्या थव्याला नेता नसतो, तर तो एकत्र कसा वळतो?

क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८६ मध्ये संगणकावर थवा उभा केला, तेव्हा प्रत्येक पक्ष्याला तीन नियम दिले : शेजाऱ्यांना धडकू नये, त्यांच्या सरासरी दिशेने उडावे आणि त्यांच्या मध्याकडे सरकावे. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर उतरणारे भोरड्यांचे थवे पाहताना हे तीन नियम मनात ठेवावेत. रोममध्ये साळुंकीच्याच कुळातील पक्ष्यांच्या थव्यांचा अभ्यास करून २००८ मध्ये इटालियन संशोधकांनी दाखवले, की प्रत्येक पक्षी ठरावीक अंतरातील सगळ्यांकडे लक्ष न देता, अंतर कितीही असो, जवळच्या सहा-सात पक्ष्यांकडे लक्ष देतो. प्रोग्रॅममध्ये हा बदल केला की विरळ झालेला थवाही फुटत नाही.

लिहिताना वेगाचा प्रश्न येतो. १००० पक्ष्यांपैकी प्रत्येकाची तुलना इतर सर्वांशी केली तर प्रत्येक चित्रचौकटीला सुमारे १० लाख तुलना होतात. जागेचे चौकोन पाडून शेजारच्या चौकोनांतच शोध घ्यावा.

राधानगरीचे काजवे आणि संगणक यांचा काय संबंध?

मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर राधानगरीच्या जंगलात काजवे चमकतात आणि काही वेळा एका झाडावरील काजव्यांची लुकलुक एका तालात येते. अशा तालाचे गणित मिरोलो आणि स्ट्रोगाट्झ यांनी १९९० मध्ये मांडले : प्रत्येक काजव्याकडे एक घड्याळ आहे असे माना, घड्याळ भरले की तो चमकतो आणि इतर कोणी चमकलेला दिसला की आपले घड्याळ थोडे पुढे ढकलतो. एवढ्या नियमावर, मध्यवर्ती घड्याळाशिवाय, सर्वांचा ताल जुळतो. वायरलेस सेन्सरच्या जाळ्यात वेळ जुळवण्यासाठी हीच कल्पना वापरली गेली आहे. पाहायला जाल तेव्हा बॅटरी आणि मोबाइलचा प्रकाश बंद ठेवावा. त्या उजेडाने काजव्यांच्या मीलनाच्या खुणा हरवतात.

कारखान्यातील धातू थंड होणे हीदेखील निसर्गाची प्रेरणा म्हणता येईल का?

म्हणता येईल, कारण अणूंची मांडणी भौतिक नियमानेच होते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे, की ओतीव भाग तापवून सावकाश थंड केला तर त्यातील अंतर्गत ताण निघून जातो. कर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेक्की यांनी १९८३ मध्ये याच प्रक्रियेवरून ‘सिम्युलेटेड ॲनिलिंग’ ही पद्धत मांडली. सुरुवातीला ‘तापमान’ जास्त असताना प्रोग्रॅम अधूनमधून वाईट उत्तरही स्वीकारतो आणि तापमान उतरेल तसा निवडक होत जातो, त्यामुळे तो पहिल्याच बऱ्या उत्तरावर अडकून पडत नाही. वेळापत्रक बसवण्यासाठी नवशिक्याने प्रथम हीच पद्धत वापरावी असे माझे मत आहे. ती २०-२५ ओळींत लिहून होते.

उत्क्रांतीवर आधारित अल्गोरिदम कशाला म्हणतात?

जॉन हॉलंड यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत अनेक उत्तरांतून चांगली निवडतात, त्यांचा संकर करतात आणि क्वचित एखादा बदल घडवतात. उसाची को ८६०३२ ही जात दोन जातींच्या संकरातून निवडली गेली, हे ऊस उत्पादकांच्या घरातील मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. नासाने २००६ मध्ये सोडलेल्या छोट्या उपग्रहांवरील एका अँटेनाचा वाकडातिकडा आकार याच पद्धतीने शोधला होता.

आजची कृत्रिम बुद्धिमत्ता मेंदूची नक्कल आहे का?

अंशतः. चित्रे ओळखणाऱ्या, संगणकातील कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्यांची कल्पना ह्युबेल आणि वीझेल यांच्या मांजराच्या दृष्टिकेंद्रावरील संशोधनातून आणि कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये त्यावरून बांधलेल्या रचनेतून आली. ती जाळी शिकतात मात्र गणिती पद्धतीने. मेंदू तसाच शिकतो असे मानण्यास आधार नाही.

लांडगा, वटवाघूळ, व्हेल अशा नावांचे नवनवे अल्गोरिदम दिसतात. प्रकल्पासाठी ते घ्यावेत का?

सावधपणे. गेल्या काही दशकांत प्राण्यांच्या नावांनी पुष्कळ पद्धती प्रसिद्ध झाल्या आणि त्यांपैकी अनेकींवर अशी टीका झाली, की नाव काढून टाकले तर आत जुनीच पद्धत सापडते. केनेथ सोरेन्सन यांनी २०१५ मध्ये याविषयी स्पष्टपणे लिहिले आहे. शिवाय वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले, की सर्व संभाव्य प्रश्नांचा एकत्र विचार केला तर कोणतीही शोधपद्धती दुसरीपेक्षा सरस ठरत नाही. म्हणून पद्धतीचे वर्णन प्राण्याचे नाव न घेता लिहून पाहावे. त्यात काहीच नवे उरत नसेल तर ती सोडून द्यावी.

गणित किती लागते आणि कोणती साधने हवीत?

दहावीपर्यंतचे गणित आणि थोडी संभाव्यता पुरते. पायथॉन, प्रोसेसिंग किंवा नेटलोगो या प्रोग्रॅमिंग भाषांपैकी कोणतीही चालेल. नेटलोगोमध्ये मुंग्या, थवे आणि काजवे यांचे तयार नमुने असतात, पण स्वतः लिहून झाल्यावरच ते उघडावेत.

आपला प्रोग्रॅम बरोबर आहे हे कसे ओळखावे?

चित्र हुबेहूब दिसते, एवढ्यावर समाधान मानू नये. एकच आकार अनेक नियमांनी काढता येतो, म्हणून निसर्गात मोजलेला एखादा आकडा प्रोग्रॅममधूनही निघतो का ते पाहावे : सर्पिल ओळींची संख्या, उपनद्यांचे क्रमवार प्रमाण, रांगेतील मुंग्यांचा वेग. आकडा जुळत नसेल तर नियमात काय सुटले ते शोधण्यासाठी पुन्हा त्याच जागी जावे.

मग पंचगंगेच्या पुराचा अंदाज विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅमला सांगता येईल का?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर हा प्रश्न फार विचारला जातो आणि त्यामागची कळकळ आम्हा सर्वांची आहे, म्हणून उत्तर स्पष्ट असावे : वर दिलेल्या आठ शेजाऱ्यांच्या नियमाने सांगता येणार नाही. त्या नियमात पाणी नेहमी उताराकडे आणि एकाच चौकटीत जाते. पुरात ते सपाट भागात सगळीकडे पसरते आणि खाली कृष्णेची पातळी चढलेली असेल तर पंचगंगेचे पाणी मागे तुंबते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आले की आपोआप उघडतात. हा ‘जर-तर’ स्वरूपाचा नियमही हिशेबात घ्यावा लागतो.

विद्यार्थ्याला करता येण्यासारखे काम मात्र आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे आणि पावसाळ्यात तेथील पातळी रोज जाहीर होते. ती पातळी आणि गगनबावडा, राधानगरी येथील पावसाचे आकडे एकत्र मांडून, वर पाऊस पडल्यापासून येथे पाणी चढेपर्यंत किती वेळ जातो हे शोधणारा छोटा प्रोग्रॅम लिहावा. त्याचे उत्तर अभ्यासापुरतेच ठेवावे आणि पूरकाळात प्रशासनाच्या सूचनांप्रमाणेच वागावे.